आनुवंशिक कॅन्सरचा रिपोर्ट हातात आल्यावर: मनाचं आणि घराचं काय करायचं

माझा रिपोर्ट आला तेव्हा मी भुसावळ स्टेशनच्या बाकावर केळीच्या वेफर्सचं पाकीट फोडत होते. रिपोर्ट समजावून सांगणाऱ्या जेनेटिक काउन्सेलरची वेळ दुसऱ्या दिवशीची होती, पण लॅबने पीडीएफ आदल्या दिवशीच मोबाईलवर पाठवून दिली. दुसऱ्या पानावर चौकटीत 'पॅथोजेनिक', म्हणजे आजाराचा धोका वाढवणारा, हा शब्द होता, खाली बीआरसीए-१, स्तनाच्या आणि बीजाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जीनचं नाव. माझी गाडी आली, थांबली आणि सुटली. मी बाकावरच बसून होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय व्हयनं?" मी म्हटलं, गाडी चुकली.

मी डॉक्टर नाही. कापसाच्या एका जिनिंगमध्ये हिशेब लिहिते. पण त्या दिवसापासूनच्या चार वर्षांत माझ्या आणि आमच्या गोतावळ्याच्या हातून जे नीट झालं आणि जे चुकलं, ते ज्यांचा रिपोर्ट यायचाय किंवा नुकताच आलाय त्यांच्यासाठी क्रमाने लिहिते आहे. कोणती तपासणी, कोणतं ऑपरेशन, कधी, हे तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवा. इथे मुख्यतः मनाचं आणि घरातल्या माणसांचं आहे.

रक्त देण्याआधी

मनाची अर्धी तयारी इथेच होते, आणि बहुतेक जण हीच पायरी गाळतात.

आधी वंशावळ काढा. कॅन्सर झालेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्क्यांमध्येच तो थेट वारशाने आलेला असतो. आपलं घर त्यात बसतं का, हे वंशावळीवरून कळतं. तीन पिढ्या, आईकडच्या आणि वडिलांकडच्याही. कोणाला, कुठल्या अवयवाचा, कितव्या वर्षी. खान्देशात यासाठी आखाजीइतका, म्हणजे अक्षय तृतीयेइतका, सोयीचा दिवस नाही. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, घागर पुजलेली असते, पितरांच्या नावाने आगारी टाकताना नावं निघतातच. नाव निघालं की हळूच विचारायचं, "ती कशाने गेली?"

उत्तरं सरळ येणार नाहीत. आमच्या जुन्या माणसांच्या तोंडी कॅन्सर हा शब्द येत नाही. 'पोटात पाणी झालं होतं', 'छातीला गाठ होती', 'पाळी गेल्यावरही अंगावरून जायचं', 'आतड्याचं ऑपरेशन झालं आणि मग उठलाच नाही' असं सांगतात. जसं सांगतील तसंच लिहून घ्या, अर्थ काउन्सेलर लावतील. वंशावळ लिहून ठेवणाऱ्या आमच्या भाटाच्या चोपडीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत, पण माझ्या कामाची होती ती आजी आणि आत्या, आणि त्या दोघी त्यात नव्हत्या.

वडिलांची बाजू विसरू नका. मला पूर्वी एका डॉक्टरांनी विचारलं होतं, "आईकडे कोणाला होता का?" नव्हता. विषय तिथेच संपला, आणि मधली सहा वर्षं गेली. जीनमधला हा दोष आईकडून येतो तितकाच वडिलांकडून येतो. ज्याच्यात तो आहे त्याच्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते.

शक्य असेल तर पहिली तपासणी ज्याला कॅन्सर होऊन गेलाय त्याची करावी. आमच्यात ती शहाद्याच्या आतेबहिणीची झाली, तिला ३८ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला होता. तिच्या जीनमध्ये बदल सापडला म्हणून बाकीच्यांना नेमकं काय शोधायचं ते कळलं. टाटा मेमोरियलकडे कॅन्सर जेनेटिक्सची स्वतंत्र क्लिनिक आहे, मोठ्या खासगी दवाखान्यांतही काउन्सेलर असतात. बरेच जण व्हिडिओवर बोलतात, त्यामुळे दर वेळी सात-आठ तासांचा मुंबईचा प्रवास करावा लागत नाही.

विमा घ्यायचा मनात असेल तर तपासणीआधीच विम्यातल्या जाणकाराशी बोला. फॉर्मवर खोटं मात्र लिहू नका.

आणि घरी एका कागदावर तीन ओळी लिहून ठेवा: पॉझिटिव्ह आला तर पहिल्या आठवड्यात मी कोणाला सांगणार, निगेटिव्ह आला तर कोणाला, आणि काहीच स्पष्ट नाही असं आलं तर काय करणार. तिसरी ओळ माझ्या डोक्यातही आली नव्हती, पण चुलतबहिणीला तीच लागली.

निकालाचा दिवस

लॅबला आधीच सांगा की रिपोर्ट मोबाईलवर नको, काउन्सेलरसमोरच उघडायचाय. तरी आला तर उघडू नका. हे सांगायला सोपं आहे, मला ठाऊक आहे, पण निदान बसस्टँडवर आणि लग्नाच्या पंगतीत उघडू नका. निकालाची तारीख लगीनसराई, मुलांची दहावी-बारावी, कापूस वेचणीची घाई यांच्यापासून लांब ठेवा. आठ-पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही, जीन आपल्यात जन्मापासूनच आहे. अपवाद ज्यांचा उपचार सुरू आहे त्यांचा. त्यांच्या औषधाचा किंवा ऑपरेशनचा निर्णय रिपोर्टवर अडलेला असू शकतो.

बरोबर एक माणूस न्या. सगळ्यात जवळचंच हवं असं नाही, जे रडणार नाही आणि लिहून घेईल असं न्या. 'पॉझिटिव्ह' कानावर पडलं की पुढची वीस मिनिटं काही ऐकू येत नाही. माझ्या नवऱ्याने वहीत सगळं उतरवलं नसतं तर मला पुन्हा वेळ घ्यावी लागली असती.

कागदावर काय आहे

पॉझिटिव्ह म्हणजे जीनमध्ये धोका वाढवणारा बदल सापडला. कॅन्सर सापडला असा याचा अर्थ नाही. आमच्याकडे 'रिपोर्ट पॉझिटिव्ह' म्हटलं की माणसं थेट केमोवर पोचतात, म्हणून हे वाक्य तोंडपाठ करून ठेवा, पुढे पन्नास वेळा म्हणावं लागतं.

निगेटिव्ह दोन तऱ्हेचा असतो. घरात एखादा बदल सापडलेला आहे आणि तो तुमच्यात नाही, तर हा खरा निगेटिव्ह. तुमचा धोका साधारण इतर लोकांइतका. पण घरात कोणातच काही सापडलेलं नाही आणि तुमच्यातही नाही, तर प्रश्न सुटलेला नसतो. कारण दुसरीकडे कुठे असू शकतं, आणि तपासण्या घराच्या इतिहासाप्रमाणेच कराव्या लागतात.

तिसरा प्रकार 'व्हीयूएस'. बदल सापडलाय, पण तो घातक आहे की निरुपद्रवी हे अजून ठरलेलं नाही. मनाला हा सगळ्यात जास्त छळतो. माझी चुलतबहीण सुरतेला असते. आईकडून आलेल्या दुसऱ्याच एका जीनमध्ये तिला असा बदल निघाला आणि तिने महिनाभर स्वतःला पेशंट मानून काढला. अशा बदलांचं वर्गीकरण पुढे बदलतं तेव्हा बहुतेक वेळा ते निरुपद्रवी ठरतात. व्हीयूएसच्या जोरावर कुठलंही ऑपरेशन करू नका. वर्ष-दोन वर्षांनी क्लिनिकला विचारायचं, काही नवं कळलं का.

जीन एकच नसतो, हेही लक्षात असू द्या. बीआरसीए-१ आणि २ चं नाव जास्त ऐकू येतं. पण घरात आतड्याचे आणि गर्भाशयाचे कॅन्सर कमी वयात झालेले असतील तर लिंच सिंड्रोम, म्हणजे दुसऱ्या जीन्समधला वारशाने येणारा दोष, असू शकतो. त्यात नियमित कोलोनोस्कोपीत (आतड्याच्या दुर्बिणीच्या तपासणीत) गाठी कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतात. अशा घरात 'काही करता येतं' हे पहिल्याच दिवशी सांगा.

पहिले पंधरा दिवस

या दिवसांत एकच नियम पाळा: काही कायमचं ठरवायचं नाही. ऑपरेशन नाही, नोकरी सोडणं नाही, मुलीचं लग्न लवकर उरकणं तर नाहीच.

झोप उडेल. छातीवर हात जाईल. मी अंघोळीत, कपडे बदलताना, कधी कधी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन दिवसातून आठ-दहा वेळा गाठ चाचपायची. इतकं चाचपल्यावर नेहमीचीच जागा दुखरी होते आणि मग तिचीच भीती वाटते. डॉक्टरांनी सांगितलं, महिन्यातून एकदा, पाळीनंतर, बस. मी कॅलेंडरवर तारखेला गोल केला. हात गेला की स्वतःला सांगायची, गोल अजून लांब आहे.

दुसरा उपाय काळजीची वेळ ठरवण्याचा. मानसोपचारात तो वापरतात, ऐकायला बावळट वाटतो, पण चालतो. रोज एक अर्धा तास ठरवा. माझा संध्याकाळी साडेसहाचा, ओट्यावर. दिवसभर मनात जे येईल ते चिठ्ठीवर लिहायचं आणि म्हणायचं, साडेसहाला बघू. साडेसहाला चिठ्ठ्या काढायच्या, हवं तर रडायचं, सात वाजता उठून भाकरी टाकायची. अर्ध्या चिठ्ठ्या तोवर शिळ्या झालेल्या असतात. झोपायच्या दोन तास आधी इंटरनेटवर शोधणं बंद. प्रश्न वहीत, वही काउन्सेलरकडे.

निकालानंतरच्या पहिल्या आठवड्यांत चिंता वाढते आणि बहुतेकांची वर्षभरात खाली येते, असं अभ्यासांत दिसलेलं आहे. मला हे कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटायचं, आता जन्मभर असंच.

या दिवसांत कोणीतरी पितृदोष काढणार आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायला सांगणार, कोणी म्हणणार आमच्या खान्देशातल्या कानबाई देवीचं काही राहून गेलं असेल. माझी सासू म्हणाली, तेव्हा मी भांडले. आता भांडणार नाही. मनाला बरं वाटत असेल तर जा, फक्त एमआरआयची तारीख त्यासाठी हलवू नका. लक्ष्मणफळाने कॅन्सर बरा होतो अशा फॉरवर्डला उत्तर देत बसू नका.

टक्क्यांशी कसं वागायचं

बीआरसीए-१ किंवा २ मध्ये बदल असलेल्या बाईला आयुष्यभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साधारण ५५ ते ७२ टक्के सांगतात. बीजाशयाच्या कॅन्सरची बीआरसीए-१ मध्ये ३९ ते ५८ टक्के, बीआरसीए-२ मध्ये १३ ते २९. हे आकडे बहुतांशी पाश्चात्त्य कुटुंबांच्या अभ्यासांतले आहेत. पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होऊ शकतो, आणि बीआरसीए-२ मध्ये प्रोस्टेटचा धोका चांगलाच वाढतो. म्हणून 'बायकांचा विषय' म्हणून भावांना सोडू नका.

मी हिशेबनीस, तरी '७२' वाचून मला ते १०० च दिसलं. मग मी चौकटीच्या वहीत दहा बाय दहाचा चौकोन आखला, ७२ घरं पेन्सिलीने भरली आणि उरलेली २८ कोरी घरं बराच वेळ बघत बसले. करून बघा. वाचण्यापेक्षा वेगळं वाटतं.

डॉक्टरांना 'आयुष्यभरात किती' एवढंच विचारू नका. 'माझ्या वयाला पुढच्या दहा वर्षांत किती' हेही विचारा. तो आकडा बराच लहान असतो आणि आत्ताचे निर्णय त्यावर घ्यायचे असतात.

घरात सांगणं

सगळ्यात अवघड काम हे. रिपोर्टवर नाव एकाचं असतं, पण तो सगळ्या गोतावळ्याचा असतो, आणि ही जबाबदारी आपण मागितलेली नसते.

क्रम ठरवा. आधी ज्याच्याबरोबर राहता त्याला. मग सख्ख्या भावंडांना, कारण त्यांचीही शक्यता साधारण निम्मी. मग आई-वडील, मग चुलत-आते-मामे भावंडं. सासरी किती सांगायचं हे तुमच्यावर, तिथे रक्ताचा संबंध फक्त तुमच्या मुलांचा. घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे कधीही टाकू नका. मी टाकलं नाही, पण एका काकांनी 'ताईसाठी प्रार्थना करा' म्हणून हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि संध्याकाळपर्यंत अमळनेरहून तीन फोन आले, माझी केमो कुठे चाललीय म्हणून.

भावंडांना मी जे लिहून पाठवलं ते असं होतं, हवं तर उचला:

"माझी रक्ताची एक तपासणी झाली. आजीकडून आलेला बीआरसीए-१ या जीनमधला एक बदल माझ्यात सापडला आहे. मला कॅन्सर झालेला नाही. हा बदल तुझ्यात असेल किंवा नसेल. तपासायचं की नाही ते तू ठरव, मी मागे लागणार नाही. माझ्या रिपोर्टची प्रत माग तेव्हा देते. तो दाखवला तर फक्त तेवढीच जागा तपासतात, खर्च कमी येतो. लगेच उत्तर द्यायची गरज नाही."

शेवटची ओळ गाळू नका. कोणाला कळून घ्यायचं नसतं, आणि तोही त्याचा हक्क आहे.

वडिलांचं वेगळं लिहावं लागेल. माझ्यात जे आलं ते अण्णांकडून, हे सांगायची वेळ आलीच नाही, त्यांनी स्वतःच जुळवलं. ते गोठ्यात गाईला कुट्टी टाकत होते. पाटी तशीच हातात धरून म्हणाले, "मीच दिधं ना तुले हाई." मी पटकन "नाही हो अण्णा, तसं काही नसतं" म्हटलं, आणि ते चुकलं. तसंच असतं, आणि त्यांना ते कळत होतं. त्यांना खोटा धीर नको होता. दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले आणि सालं मांडली. आजी १९७९ ला गेली. आत्या १९९२ ला. हा जीन १७ व्या गुणसूत्रावर आहे हे शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी दाखवलं १९९० साली, आणि प्रत्यक्ष जीन हाती लागला १९९४ ला. आत्याची चिता विझली तेव्हा जगातल्या कुठल्याच लॅबमध्ये ही तपासणी होत नव्हती. अण्णांनी सालं दोनदा वाचली. मग विचारलं, "म्हंजे तिलेबी माहीत नव्हतं." आत्याबद्दल ते तीस वर्षांत पहिल्यांदा बोलले.

म्हणून सांगते, दोष वाटणाऱ्या माणसाला 'मनाला लावून घेऊ नका' म्हणू नका. त्याच्यासमोर तारखा मांडा. आणि त्याला काम द्या. वंशावळीतल्या रावेर-यावलकडच्या जुन्या नातलगांना अण्णांनीच फोन केले.

मुलांचं: मोठेपणी होणाऱ्या कॅन्सरसाठी १८ वर्षांच्या आत तपासणी करत नाहीत, आणि बीआरसीएमध्ये स्तनाची तपासणीही साधारण २५ व्या वर्षापासून सुरू होते. घाई नाही. माझी मुलगी तेव्हा १६ ची होती. तिला एवढंच सांगितलं की आपल्या घरात एक धोका आहे, मी त्याची काळजी घेतेय, तू मोठी झालीस की तुझं तू ठरव. तिने विचारलं, "तू मरणार का?" मी म्हटलं, "याने मरू नये म्हणूनच चाललंय सगळं." लहान मुलांना दारामागून ऐकू येतं, त्यापेक्षा समोर सांगितलेलं बरं.

लग्नाच्या वयाच्या मुलींचं आमच्याकडे नाजूक आहे. सोयरिकीत असली बातमी वाऱ्यावर पळते. माझं मत असं: बायोडेटात लिहायची ही गोष्ट नाही, पण सुपारी फुटायच्या आत मुलाला स्वतः मुलीने सांगावं. आई-बापांनी नाही, मध्यस्थाने तर नाहीच. पॉझिटिव्ह मुलग्यांनाही हाच नियम. त्यांना मात्र कोणी विचारत नाही, असं बघितलंय.

ज्याचा निगेटिव्ह आला त्याचंही मन बघा

माझी धाकटी बहीण निगेटिव्ह. पेढे वाटायचे सोडून ती माझ्यापेक्षा जास्त रडली. महिनाभर मला फोन करायला घाबरायची. सुटल्याची लाज वाटते, आणि त्यावर कोणी बोलत नाही, कारण बाहेरून ती नशीबवान असते. मी तिला एक काम दिलं: माझ्या दर तपासणीला तीच बरोबर येते. आता तिला लपावं लागत नाही.

ऑपरेशनचा विचार

२०१३ मध्ये अँजेलिना जोलीने आपण स्तन काढून घेतल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून बीआरसीए म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. मलाही विचारलं गेलं, "मग तुझं कधी?"

दोन निर्णय वेगळे ठेवा. बीजाशयाच्या कॅन्सरसाठी भरवशाची नियमित तपासणीच नाही, म्हणून मुलं झाल्यावर बीआरसीए-१ मध्ये साधारण ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ मध्ये ४० ते ४५ वयात बीजाशय आणि नळ्या काढण्याचा सल्ला देतात. मूल हवं असेल तर हे सगळं बोलण्याआधी त्या विषयाच्या डॉक्टरांना भेटा. स्तनांबाबत मात्र निवड असते. काढून टाकले तर धोका ९० टक्क्यांहून जास्त कमी होतो, पण वर्षाला एमआरआय आणि मॅमोग्राम (स्तनांचा एक्स-रे) करत राहणं हाही मान्य रस्ता आहे. मी बीजाशय आणि नळ्या काढून घेतल्या, स्तनांबाबत तपासणीचा रस्ता धरला. बदलेनही.

४२ व्या वर्षी एकदम पाळी थांबते म्हणजे काय, हे आधी कोणी नीट सांगितलं नव्हतं. घाम, चिडचिड, कोरडेपणा, नवऱ्याशी अंतर. जळगावच्या मे महिन्यात ४४ डिग्रीत अंग पेटलं तर ते उन्हाने की हार्मोनने, हे ओळखायचं तरी कसं? हसायला येतं आता, तेव्हा मी पंख्याखाली बसून रडायचे. ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा: हार्मोनच्या गोळ्या मला चालतील का, हाडांचं काय, शरीरसंबंधाचं काय. शेवटचा प्रश्न लाजून टाळू नका, मी टाळला होता. आणि जिचं झालंय अशा एखाद्या बाईशी तासभर बोला. काउन्सेलरला सांगितलं तर ते गाठ घालून देतात.

दरवर्षीची तपासणी

रिपोर्ट एकदाच येतो, तपासणी दर वर्षी. आठवडाभर आधी माझं जेवण कमी होतं, चिडते. आता घरात सगळ्यांना तारीख ठाऊक असते, त्या आठवड्यात माझ्याशी कोणी पैशांचं बोलत नाही. निकाल कधी आणि कोण सांगणार हे मशीनवर जायच्या आधीच विचारून ठेवा. वाट बघण्याचा शेवट माहीत असला की वाट बघता येते. एमआरआयचा आवाज भयंकर असतो, मी आत डोळे मिटून कालच्या कापसाच्या गाड्यांचे हिशेब जुळवते.

घरच्याघरी भागत नाही तेव्हा

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, कामात लक्ष नाही, तपासणीची तारीख भीतीने टाळली जातेय, किंवा जगण्यात अर्थ वाटत नाही, यातलं काहीही असेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ वर २४ तास आणि फुकट आहे, मराठीतूनही बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर त्या रात्री एकटं राहू नका.

माझ्या भावाने अजून तपासणी केलेली नाही. मी पाठवलेलं त्याने चार वर्षांपूर्वी वाचलं, उत्तर दिलं नाही, आणि मीही विचारलं नाही. परवा आखाजीला आमरस वाढताना एकदम म्हणाला, "लाळेवर होते का ती टेस्ट, का रक्तच लागतं?"

दोन्ही चालतं, म्हटलं. त्याने वाटी पुढे केली.